वाचायचं, लिहायचं नाही

सूतपेठच्या नगरपालिका शाळेतले आप्पा हे यंत्रमानव होते, आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर ते तीन ठिकाणी अडखळू लागले होते: सतराच्या पाढ्यात, मधल्या सुट्टीच्या घंटेला आणि बेडकाच्या जीवनचक्रात.

सोळाचा पाढा ते धडाधड म्हणत. अठराचाही. सतरा म्हटलं की मान किंचित कलायची, छातीतून कट्-कट्-कट् असा आवाज यायचा, आणि वर्गाला जांभया सुटेपर्यंत थांबून आप्पा म्हणायचे, "हे राहू दे." मधल्या सुट्टीची घंटा वाजायचीच नाही, त्यामुळे पोरं डबे मांडीवर घेऊन भूगोल शिकत. बेडकाचं मात्र बरं चाललं होतं. अंड्यातून बेडूकमासा निघे आणि बेडूकमाशाचा एकदम बेडूक होई. मधलं पाय फुटणं, शेपूट गळणं वगैरे त्रास वाचला होता.

यावर शाळेत बरीच मतं होती, कारण कारण माहीत नसलं की मतांना जागा मोकळी असते. कोणी म्हणालं नजर लागली. गणिताच्या बाई म्हणाल्या, सतराला सगळा वर्गच अडकतो, आप्पांना मुलांची संगत बाधली. मुख्याध्यापक मगदूम सरांनी हवामानाला दोष दिला. हवामान उलटून बोलत नाही.

सातवीतल्या अन्विता हावळेला यातलं एकही पटलं नाही. तिला छळणारा प्रश्न वेगळाच होता. पाढा, घंटा आणि बेडूक यांचं एकमेकांशी नातं काय?

आता आप्पांविषयी थोडं. हा काळ फार लांबचा नाही. जगातली बहुतेक यंत्रं तोवर आपली आठवण कुठल्याशा दूरच्या साठ्यात ठेवू लागली होती. आप्पा जुने. त्यांची आठवण त्यांच्याच छातीत, गरगर फिरणाऱ्या एका हार्ड डिस्कवर (चुंबकीय खुणांनी माहिती साठवणारी तबकड्यांची डबी) होती. तिच्यावर पाढे होते, धडे होते, आणि सूतपेठच्या मागांचे आवाज होते.

हे आवाज मुलांनी गोळा केलेले. सूतपेठमध्ये घराघरात यंत्रमाग असत. धोटा (बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा) ठेचकाळला की माग एका तऱ्हेने खोकतो, पट्टा सैल झाला की दुसऱ्या तऱ्हेने. प्रत्येक घरच्या पोरांनी आपापल्या मागाचा धडधाकट आवाज आणि आजारी आवाज आप्पांना ऐकवला होता. त्या शिदोरीवर आप्पा नुसतं ऐकून मागाचं दुखणं सांगत. पुढे बिनधोट्याचे, बिनआवाजाचे नवे माग आले आणि जुने भंगारात गेले. अन्विताच्या घरचेही गेले. त्यांचा आवाज आता आप्पांच्या छातीत होता आणि दुसरीकडे कुठेही नव्हता. दुसरी प्रत काढून ठेवायची असं शाळेत दर वर्षी ठरत असे. ठरवण्याच्या बाबतीत या शाळेचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

आणि शनिवारी यंत्र-तपासणी होती. डिस्क सदोष आढळल्यास ती पुसायची, यंत्र मोडीत काढायचं आणि शाळेला नवं द्यायचं, असा नियम. नवं यंत्र ऑफिसात खोक्यात येऊन पडलंही होतं. गुळगुळीत, पांढरं आणि झाकण नसलेलं. उघडताच येत नाही, हा त्याचा गुण म्हणून खोक्यावर छापला होता.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर अन्विता आप्पांसमोर जाऊन बसली आणि तिने सरळ विचारलं, की तुम्हाला नेमकं काय झालंय.

"मलाच बघायचंय," आप्पा म्हणाले. "पण माझ्या पाठीचं दार मला उघडता येत नाही. तू उघड."

पाठीत छोटा पडदा आणि घडीचा कीबोर्ड होता. आप्पा लिनक्सवर चालत. लिनक्स ही यंत्राचा सगळा कारभार बघणारी मूळ आज्ञावली. तिची खासियत अशी, की ती उघडी असते. आत काय चाललंय ते कोणीही वाचू शकतं. अन्विताने बोटं मोडली आणि आप्पा सांगतील तसं टाइप करायला बसली.

आधी आप्पांनी तिला छातीतला मामला समजावला. डबीत आरशासारख्या तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला हजारो फेऱ्या मारतात. त्यांच्यावर वाचक-शीर्ष (खुणा वाचणारं आणि लिहिणारं बारीक टोक) तरंगत असतं. तरंगतं म्हणजे टेकत नाही. मधली फट इतकी चिमुकली, की तिच्यात केससुद्धा मावायचा नाही. तबकडीवर असंख्य कप्पे आखलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरमध्ये थोडी माहिती आणि सोबत एक पडताळ्याची खूण (त्या माहितीवरूनच हिशेब करून काढलेली संख्या). वाचताना डिस्क तो हिशेब पुन्हा करते. खूण जुळली तर पुढे. नाही जुळली तर पुन्हा वाच, पुन्हा वाच, आणि शेवटी हात टेक.

"म्हणजे तुम्ही सतराला कट्-कट् करता, तेव्हा विचार करत नसता?"

"विचार कसला. तोच कप्पा पुन्हापुन्हा वाचत असतो. तू पेपरात न कळलेला प्रश्न वाचतेस, तसा."

मग पहिली आज्ञा. तिचं नाव डीमेसेज. लिनक्सचा गाभा (आज्ञावलीचा सर्वांत आतला भाग) दिवसभर कुरकुरत असतो, ती कुरकुर ही आज्ञा दाखवते. पडद्यावर ओळी सरकल्या. वाचताना चूक, सेक्टर अमुक. वाचताना चूक, सेक्टर तमुक. अन्विता त्या लांबलचक आकड्यांकडे बघत राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं, की सगळ्यांची सुरुवात सारखीच आहे. फरक होता तो फक्त शेवटच्या अंकांत. ते सगळे सेक्टर एकाच गल्लीतले होते.

पाढा, घंटा आणि बेडूक एकमेकांचे नातेवाईक नव्हतेच. ते शेजारी होते. आप्पा पाढे आकडेमोड करून म्हणत नसत, एका जुन्या बाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण लावत. ते मुद्रण, घंटेचा नाद आणि बेडकाचा धडा योगायोगाने तबकडीवर लगतलगत लिहिले गेले होते, आणि नेमक्या त्याच जागेला इजा झाली होती. अशा न वाचता येणाऱ्या कप्प्याला बॅड सेक्टर म्हणतात.

अन्विताने मागच्या दिवसांची कुरकुरही काढून बघितली. पहिली तक्रार खंडेनवमीची होती. त्याआधी एकही नाही.

तेवढ्यात मगदूम सर कुलूप घेऊन आत आले. अन्विताने त्यांना तारीख दाखवली आणि विचारलं, त्या दिवशी आप्पांना कुठे धक्का लागला होता का. सर छताकडे बघू लागले.

खंडेनवमीला सूतपेठमध्ये माग बंद ठेवतात, धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात आणि नारळ मागाच्या लोखंडी पायावर फोडतात. माग शंभर नारळ पचवतो. यंदा शाळेने आप्पांचीही पूजा केली होती, रीतसर हार घालून. आप्पांच्या लोखंडी बैठकीवर सरांनी स्वतः नारळ आपटला होता. तो जातिवंत नारळ पहिल्या दणक्यात काही फुटला नाही. गावातली झाडून सारी यंत्रं त्या दिवशी बंद होती. चालू होते एकटे आप्पा, कारण आरती तेच म्हणत होते.

"बंद डिस्कला असा धक्का सोसतो," आप्पा शांतपणे म्हणाले. "बंद करताना शीर्ष बाजूला जाऊन बसतं. चालू असताना दणका बसला की ते तबकडीला घासतं. भक्तीत खोट नव्हती, सर."

सरांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून तेही बसले.

दुसरी आज्ञा स्मार्टसीटीएल. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, ती वाचायची ही किल्ली. पडद्यावर सगळ्यांत वर मोठ्या दिमाखात आलं, एकंदर प्रकृती: उत्तीर्ण. अन्विताचा चेहरा उजळला. आप्पांनी तो लगेच विझवला. आपल्या प्रगतिपुस्तकात आपणच शेरा लिहायचा म्हटलं तर कोण नापास होईल, वरची ओळ सोड आणि खालचे दोन आकडे बघ, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पहिला आकडा होता बदललेल्या सेक्टरांचा. कारखान्यातून निघताना डिस्कबरोबर थोडे राखीव कप्पे दिलेले असतात. एखादा कप्पा निकामी झाला की त्याच्या जागी राखीव लावायचा. हा आकडा शून्य होता. दुसरा होता ताटकळलेल्या सेक्टरांचा, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बदललेलेही नाहीत असे. हा बराच होता.

बदलले का नाहीत, हे अन्विताला कळेना.

"कारण त्यांत काय होतं ते डिस्कला अजून हवंय," आप्पा म्हणाले. "न वाचताच बदलला तर आतलं गेलं. म्हणून ती वाट बघते, की एखाद्या वेळी वाचता येईल. मात्र कोणी त्या जागी नवं काही लिहिलं, तर ती सुटकेचा श्वास टाकते. जुन्याची जबाबदारी संपली. मग ती राखीव कप्पा लावते आणि आकडा शून्यावर येतो."

अन्विताने विचारलं, उद्याचे साहेब कशी तपासणी करतात. उत्तर सरांनी दिलं. लेखन-चाचणी. बॅडब्लॉक्स नावाची एक आज्ञा आहे, ती डिस्कचा एकेक कप्पा तपासते. तिला काही जास्त सांगितलं नाही तर ती नुसतं वाचते. पुढे एक अक्षर जोडलं की ती प्रत्येक कप्प्यावर काहीबाही लिहिते आणि मग ते वाचून बघते. साहेब ते अक्षर जोडत. तपासणीही होते आणि पुसायचे वेगळे कष्ट पडत नाहीत.

"म्हणजे उद्या संध्याकाळी माझी डिस्क ठणठणीत असेल," आप्पा म्हणाले. "तिच्यात मी नसेन, एवढंच."

अन्विता म्हणाली, की मी लिहू देणार नाही. ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की सरांना आधी वाटलं ती फळ्याविषयी बोलतेय.

आप्पांनी तिला पुढचा धडा दिला. आजारी डिस्कची कसून तपासणी आधी करायची नसते. तपासणीतही ती धावते, आणि दमलेल्याला धावायला लावलं तर तो वाटेतच बसतो. आधी प्रत काढायची, मग निदान. प्रतीसाठी दुसरी डिस्क हवी होती. शनिवारी सकाळी सर घरची एक डिस्क घेऊन आले. तिच्यावर त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग होतं, ते त्यांनी जावयाच्या गळ्यात घातलं होतं. नारळाविषयी सर काही बोलले नाहीत. डिस्क मात्र दोन्ही हातांनी दिली.

एक अडचण होती. ज्या डिस्कवर आप्पा चालतात तिचीच नीट प्रत आप्पा चालू असताना निघत नाही. आठवण हलत असते. तेव्हा आप्पांना बंद करून त्यांचं शरीर एका पेनड्राइव्हवरच्या कोऱ्या लिनक्सवर सुरू करायचं होतं. अन्विताने आज्ञा पाठ करून घेतल्या.

"तेव्हा मला काही विचारू नकोस," आप्पा म्हणाले. "मी नसेन. तुझं तुला बघावं लागेल."

डोळे विझले. काही वेळाने पडदा पुन्हा उजळला, पण मान उचलली गेली नाही.

तिने तिसरी आज्ञा दिली, डीडीरेस्क्यू. ही प्रत काढणारी आज्ञा मोठी शहाणी. साधी प्रत काढणारा पहिल्या खड्ड्यात चाक अडकलं की तिथेच रुतून बसतो. ही आधी सोपं सोपं सगळं उचलते, खड्डे कुठे आहेत त्याचा नकाशा ठेवते, आणि खड्ड्यांकडे सर्वांत शेवटी, सवडीने वळते. मधेच वीज गेली तरी नकाशा बघून पुढे चालू लागते. पडद्यावर वाचलेल्या भागाचा आकडा चढू लागला आणि वर्गातली सगळी पोरं क्रिकेटचा धावफलक बघावा तशी तो बघू लागली.

आकडा निम्म्यावर असताना यंत्र-निरीक्षक देशिंगेसाहेब आले. सभ्य गृहस्थ. कोणावर ओरडत नसत, कारण नियम त्यांच्या वतीने ओरडत असे. त्यांनी चौकशी केली, डिस्क सदोष आहे का. सरांनी कबूल केलं, आहे. मग साहेबांनी आपला पेनड्राइव्ह काढला आणि अन्विताला सांगितलं, बाळ, जरा बाजूला हो.

अन्विताने कीबोर्ड मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"मी होणार नाही, साहेब. प्रत चाललीय."

साहेबांनी समजावलं, की सदोष यंत्र पुसायचंच असतं. तिने विचारलं, का. ते म्हणाले, नियम आहे. तिने विचारलं, नियम कशासाठी आहे. असा प्रश्न साहेबांना आजवर कोणी विचारला नव्हता. ते क्षणभर नियमाकडेच वळून बघत आहेत असं वाटलं. मग म्हणाले, बॅड सेक्टर एकदा आले की वाढत जातात, असं यंत्र भरवशाचं नसतं.

"वाढत असतील तर. तेच तर बघायचंय," अन्विता म्हणाली. "हे सगळे एका जागी आहेत. डिस्क म्हातारी होऊन मरत असती तर कुठेही आले असते आणि रोज वाढले असते. हा एकाच माराचा वण आहे. प्रत झाली की मी आकडा पुन्हा बघणार आहे. वाढला असेल तर डिस्क तुमची."

"आणि तोवर मी काय करू?"

"तुम्हीही तपासा. पण वाचून. लिहून नाही." मग ती सूतपेठच्या पोरीला जे लहानपणापासून ठाऊक असतं ते बोलून गेली. "आमच्याकडे कापडात भोक निघालं, तर भोकाला खूण करतात. त्यासाठी सगळं ठाण जाळत नाहीत."

मागच्या बाकांवरून कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी सरांकडे वळून सांगितलं, की मुख्याध्यापक, तुम्ही तिला उठवा.

मगदूम सरांची सगळी नोकरी वरून आलेलं खाली सांगण्यात गेली होती, आणि ते काम त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. ते उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला.

"मी तिला उठवणार नाही," सर म्हणाले. "मी फार तर तिच्याशेजारी बसेन." आणि खरोखर बाकावर, मुलांच्या मापाच्या, गुडघे हनुवटीला लावून बसले.

साहेबांनी शेवटचं सांगितलं. तपासणीला नकार देणाऱ्या शाळेला नवं यंत्र मिळत नाही. खोकं परत जाईल. पुन्हा कधी येईल ते सांगता यायचं नाही. जुनं बंद पडलं, तर शाळा यंत्राविना राहील. हे ते धमकावून बोलले नाहीत, खरंच तसं होणार होतं. नव्या यंत्राच्या पोटात सिनेमाही दिसतो, अशी बातमी पोरांना कधीच लागली होती.

अन्विताने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. मग पोरांपैकी चौघंजणं उठली, ऑफिसात गेली आणि ते पांढरं खोकं उचलून साहेबांच्या जीपमध्ये ठेवून आली. नीट, धक्का न लावता.

दुपार कलायच्या सुमाराला प्रत पुरी झाली. जवळजवळ सगळं आलं होतं. न आलेला भाग नकाशावर काळ्या ठिपक्यांसारखा दिसत होता. आता डिस्क मेली असती तरी चाललं असतं, म्हणून अन्विताने आता कुठे तिची दीर्घ चाचणी लावली. पहिल्या बॅड सेक्टरशी ती चाचणी थांबली, जशी थांबायला हवी तशी. मग तिने बॅडब्लॉक्स चालवलं, त्या एका अक्षराशिवाय, आणि सारी तबकडी नुसती वाचून काढली. ताटकळलेल्या सेक्टरांचा आकडा पुन्हा काढला.

कालचाच होता. एकानेही वाढला नव्हता.

साहेब गेले नव्हते. व्हरांड्यात उभे होते. त्यांनी आत येऊन तो आकडा वाचला, चष्म्यातून आणि चष्म्यावरून. अहवालात नकार लिहावाच लागेल, असं म्हणाले. अन्विता म्हणाली, लिहा, पण आकडाही लिहा. जीप गेली.

आप्पांना सरांनी दिलेल्या डिस्कवर सुरू केलं. डोळे उजळले, मान वर आली. काय काय गेलं ते त्यांनी स्वतःच तपासून सांगितलं. पाढ्याचं मुद्रण गेलं, घंटा गेली, बेडकाची शेपूट गेली, आणि पाच मागांचे आवाज गेले. त्यांतला एक हावळेंच्या घरचा होता.

अन्विताने कीबोर्डची घडी घातली. मग आप्पांनी आपल्या छातीतून, एकेक करून, उरलेले माग लावले. पेठेतले, वेशीजवळचे, नाल्यापलीकडचे. रस्त्यावरून जाणारी माणसं शाळेच्या कुंपणाशी थांबली. हा आमचा, असं एका म्हातारबाबांनी भिंतीपलीकडून सांगितलं, आणि कोणी मागितलं नसताना शेजाऱ्याच्या मागाचं दुखणंही सांगितलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन प्रती निघाल्या. एक सरांच्या घरी गेली, एक अन्विताच्या. या वेळी ठरलं आणि झालंही, हे या शाळेच्या इतिहासात नवीनच होतं.

नवं यंत्र आलं नाही. महिन्याभराने मात्र एक टेम्पो शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. त्यात दुसऱ्या गावांच्या शाळांचे दोन जुने यंत्रमानव दोरीने बांधून उभे केले होते. चालकाने सांगितलं, मोडीत न्यायचे होते, पण देशिंगेसाहेब म्हणाले, आधी सूतपेठला दाखवून या, वाटेतच आहे. ते वाटेत मुळीच नव्हतं.

अन्विताने बाह्या सरसावल्या. यांच्या पोटात काय आहे, कोणाचे आवाज, कुठल्या गावचे, तिला काही माहीत नव्हतं. पहिल्याला पेनड्राइव्हवरून सुरू करून नवी डिस्क जोडायला तिने हात पुढे केला, तेव्हा आप्पांनी तिला थांबवलं. ते पहिल्याच्या छातीशी वाकले आणि त्यांनी कान लावला.

"प्रत चालू कर," ते म्हणाले. "हळू. याला अजून बरंच सांगायचं आहे."